आबे फारियांचे हात

पेडणे-डिचोलीहून पणजीस येणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी जुन्या सचिवालयालगतचा तो पुतळा अनेकदा पाहिला असेल. झगा घातलेला पाद्री, पुढे रोखलेले हात आणि समोर कलंडलेली स्त्री. अनभिज्ञ पाहुण्यास तो तिच्यावर धावून जात आहे असेच वाटते! मानवी मर्यादा यंत्राने ओलांडण्याची भाषा आज सर्वत्र ऐकू येते. तिचा विचार मला या पुतळ्यापासून करावासा वाटतो.

कांदोळीस १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया १७७१ मध्ये वडिलांसमवेत लिस्बनला गेले, रोममध्ये पाद्री झाले व पुढे पॅरिसला राहिले. तेथे मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’चा मोठा गाजावाजा होऊन गेला होता. मोठ्या लाकडी पिंपातून निघालेल्या लोखंडी सळ्या रुग्ण दुखऱ्या अवयवास लावीत. कोणी आचके देई, कोणास आराम पडे. फ्रँकलिन व लाव्हाझिए ज्यात होते त्या समितीने १७८४ मध्ये निर्वाळा दिला की, चुंबकद्रव कोठेही नाही, सारा कल्पनेचा प्रभाव.

विद्वानांच्या दृष्टीने विषय संपला. फारियांच्या दृष्टीने तो तेथेच सुरू झाला. कल्पनाच खरी, पण तिने देह असा बदलतो कसा? १८१३ पासून ते पॅरिसमध्ये जाहीर वर्ग घेऊ लागले. ना पिंप, ना सळी. माणसास खुर्चीत बसवून, डोळे मिटून चित्त एकाग्र करावयास सांगत आणि खड्या आवाजात हुकूम देत, ‘झोपा!’ ही शक्ती झोपविणाऱ्याची नव्हे, झोपणाऱ्याची, हा सिद्धान्त त्यांनी १८१९ च्या ग्रंथात मांडला. त्याच वर्षी ते वारले. पॅरिसने त्यांची टवाळीच अधिक केली.

पुढे एस्डेल या डॉक्टरने १८४५ पासून बंगालमध्ये हुगळीस अशाच निद्रेत मोठ्या शस्त्रक्रिया केल्या, जरी त्याचा विश्वास मेस्मरच्या द्रवावरच होता. १८४६ मध्ये ईथर आले आणि शल्यगृहात या विद्येची गरज उरली नाही.

जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीने लकवाग्रस्त माणसाच्या मेंदूत विद्युताग्रे बसविली. केवळ इच्छेने तो संगणकाचा दर्शक हलवू लागला. हे मेस्मरचे पिंप नव्हे, हे मान्यच. तरी कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत विद्युताग्रे बसवून त्यांची परीक्षा घेताना काही काळ वीज बंद ठेवतात आणि ते रुग्णास कळू देत नाहीत. गुण यंत्राचा की रुग्णाच्या अपेक्षेचा, हे त्याशिवाय ठरत नाही. हा प्रश्न आपल्या कांदोळकराचाही.

रामचंद्र पांडुरंग कामत यांच्या, १९४५ मध्ये उभारलेल्या या शिल्पात मात्र सारे सामर्थ्य फारियांच्या हातांत दिसते. त्यांना तेच तर अमान्य होते. पण शिल्पकारास दोष कसा द्यावा? त्या स्त्रीच्या मनात जे घडले, ते धातूत ओतायचे कसे?