ऑफसाइड आणि आवक-जावक

इंग्रजांनी आपल्याला काय दिलं, हा आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीतला कायमचा विषय आहे. कुणी रेल्वे म्हणतं, कुणी पोस्ट म्हणतं, कुणी चहा. (चहा म्हणणारे गृहस्थ गेली अकरा वर्षं दुसऱ्याच्या पैशानं चहा पितात, त्यांच्या बाबतीत हे दान अजून चालूच आहे.) माझं मत असं, की साहेबानं दोन गोष्टी एकाच बोटीतून उतरवल्या. एक फुटबॉल आणि दुसरी नगरपालिका.

मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध चेकवरच्या तारखेपुरता. पण दोन वह्यांतल्या नोंदी ताडून बघायची खोड वीस वर्षांच्या नोकरीनं लागलेली आहे, आणि या दोन वह्या ताडल्या तर माणूस चक्रावून जातो. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपननी स्थानिक स्वराज्याचा तो सुप्रसिद्ध ठराव केला. त्याच वर्षी डिसेंबरात मँचेस्टरला इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्या फुटबॉल संघटना एकत्र बसल्या आणि चौघांनी मिळून एकच नियमावली ठरवली. १८८८ साली मुंबई महापालिकेचा कायदा झाला. त्याच साली सिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला. हे ड्युरँडसाहेब हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव. त्यांना रेषा आखायची आवडच असावी. कारण पाच वर्षांनी त्यांनी अफगाणिस्तानच्या सरहद्दीवर एक भली लांब रेषा आखली, आणि त्या रेषेवर नक्की ऑफसाइड कोण, हा वाद आजतागायत मिटलेला नाही.

थोडक्यात, फुटबॉलची नियमावली आणि आपली पालिका ही पाठची भावंडं. आज फुटबॉलची कलमं आहेत सतरा. मुंबईच्या त्या कायद्याची आहेत पाचशेच्या वर, आणि कायदा अजून लागू आहे. एकाच घरात वाढलेली दोन पोरं. एक मैदानभर पळतंय आणि दुसरं अजून रांगतंय. असं का व्हावं?

मूळ पाहायचं तर २६ ऑक्टोबर १८६३ ला जावं लागतं. त्या दिवशी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांची मंडळी जमली. टॅव्हर्न म्हणजे खानावळ आणि गुत्ता यांच्या मधली जागा. अशा जागी बसून डिसेंबरपर्यंत सहा बैठकांत त्यांनी फुटबॉलचे नियम पुरे केले. आमच्या पालिकेत सहा बैठकांत फार तर मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम होतं. नियम लिहिणारे एबेनेझर मॉर्ली हे पेशानं वकील होते. वकील असून तेरा कलमांवर थांबले, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत थोर कृत्य वाटतं.

ते तेरा नियम वाचण्यासारखे आहेत. गोलला दोन खांब होते, पण वर आडवा दांडा नव्हता. खांबांच्या मधून चेंडू घारीच्या उंचीवरून गेला तरी गोल. प्रत्येक गोलनंतर बाजू बदलायच्या. बुटांच्या तळाला बाहेर आलेले खिळे किंवा लोखंडी पत्रे नकोत, असं एक कलम होतं. म्हणजे त्याआधी मंडळी कशी खेळत असतील, याचा अंदाज करावा. आणि रेफ्री नावाचा माणूसच नव्हता! सभ्य गृहस्थ लबाडी कशाला करतील, असा तो हिशेब. (हा हिशेब कुठल्याच ऑडिटरनं पास केला नसता.)

सगळ्यांत मोठं भांडण झालं ते लाथांवरून. समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायची मुभा असावी की नसावी? ब्लॅकहीथ क्लबचे कॅम्पबेल म्हणाले, लाथा बंद केल्यात तर खेळातलं पाणीच जाईल; आठवडाभर सराव केलेले फ्रेंच आणले तर तेही तुम्हाला हरवतील. लाथा बंद झाल्या आणि ब्लॅकहीथवाले रागानं निघून गेले. हे गृहस्थ नव्या संघटनेचे खजिनदार होते. मी स्वतः आमच्या कॉलनीच्या क्रीडा मंडळाचा खजिनदार असल्यामुळे त्यांच्या स्वभावाबद्दल काही बोलत नाही. फ्रेंचांना मात्र आठवड्याऐवजी एकशे पस्तीस वर्षं लागली. १९९८ ला त्यांनी विश्वचषक जिंकला, २०१८ ला पुन्हा जिंकला. इंग्लंडचा १९६६ चा एकुलता एक कप अजून कपाटात एकटाच आहे.

तर सुरुवातीला फुटबॉलचे नियमही आपल्या पालिकेच्या लायकीचेच होते. फरक पडला तो पुढे. १८९१ साली एफ. ए. कपच्या एका सामन्यात नॉट्स काउंटीच्या खेळाडूनं गोलमध्ये चाललेला चेंडू चक्क हातानं अडवला. स्टोकला फ्री किक मिळाली, पण ती रेषेला इतकी खेटून, की गोलकीपर चेंडूपुढे छाती काढून उभा राहिला. गोल हुकला आणि स्टोक हरलं. आता आयर्लंडच्या आर्माघ परगण्यात विल्यम मॅकक्रम नावाचा एक गोलकीपर होता. त्यानं पेनल्टीची कल्पना आधीच सुचवली होती आणि सभ्य मंडळींना ती अपमानकारक वाटली होती. तो स्टोकचा सामना झाला फेब्रुवारीत. पेनल्टीचा नियम झाला जूनमध्ये. गोलकीपरच्या विरुद्ध जाणारा नियम एका गोलकीपरनं सुचवावा! आमच्या पालिकेतल्या एखाद्या हेडक्लार्कनं ‘क्लार्कनं फाइल दडपल्यास दंड’ अशी सूचना केली, तर त्याची बदली कोंडवाड्यावर होईल.

ऑफसाइडचं तसंच. पुढे उभ्या असलेल्या खेळाडूपुढे प्रतिपक्षाचे तीन जण हवेत, असा नियम १८६६ पासून होता. बचाववाले त्यात इतके तरबेज झाले, की दोन पावलं पुढे सरकून हात वर करायचे, की झाला समोरचा ऑफसाइड. प्रेक्षक कंटाळले, तिकिटं खपेनात. १९२५ साली तिनाचे दोन केले. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये आदल्या मोसमात ११९२ गोल झाले होते, पुढच्या मोसमात १७०३. एक आकडा बदलला आणि पाचशे अकरा गोल जास्त! बँकेत आम्ही एक आकडा बदलला, तर पाचशे अकरा मेमो येतील.

आता मी काही फुटबॉलच्या सगळ्याच सुधारणांचा भक्त नाही. विश्वचषकात २०१८ पासून ते व्हिडिओ बघून निर्णय देणं सुरू झालं, ते मला मुळीच पसंत नाही. खेळाडूच्या बुटाचं टोक ऑफसाइड होतं की नाही, हे बघायला एका बंद खोलीत चार माणसं बसतात आणि इकडे साठ हजार लोक उसासा धरून ठेवतात. हे ऑडिट झालं हो! गोल झाल्यावर माणसानं नाचायचं की व्हाउचर तपासून होईपर्यंत थांबायचं? आनंदाला काउंटरसाइन लागू लागली, की समजावं इथे कुणीतरी आमच्या खात्यातला माणूस घुसला.

पण नियम किती बिनडोक असू शकतो, याचं उत्तम उदाहरण २७ जानेवारी १९९४ चं. कॅरिबियन कपच्या पात्रता फेरीत बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा. पुढे जायला बार्बाडोसला दोन गोलांच्या फरकानं जिंकायला हवं होतं. आयोजकांनी एक खास नियम केला होता : बरोबरी झाली तर जादा वेळ, आणि जादा वेळेतला गोल दोन गोलांच्या बरोबर. बार्बाडोस २-० नं पुढे होतं. त्र्याऐंशीव्या मिनिटाला ग्रेनाडानं एक गोल परत केला. आता काय? बार्बाडोसवाल्यांनी हिशेब केला आणि सत्त्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू स्वतःच्याच गोलमध्ये मारला! २-२. मग ग्रेनाडाच्या लक्षात आलं, की आपण कुठल्याही गोलमध्ये चेंडू घातला तरी पुढे जातो. शेवटची मिनिटं बार्बाडोसचे खेळाडू मैदानाची दोन्ही टोकं राखत होते. एकीकडे स्वतःचा गोल, दुसरीकडे शत्रूचा. जादा वेळेत बार्बाडोस जिंकलं, कागदावर ४-२.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या नगरपालिकेचा दुसरा मजला उभा राहिला. (गावाचं नाव सांगत नाही. मला अजून तिथे घरपट्टी भरायची आहे.)

आमच्या कॉलनीशेजारी एक मोकळी जमीन होती. मालकी खाजगी, पण शहराच्या विकास आराखड्यात तिच्यावर ‘खेळाचे मैदान’ असं आरक्षण. पोरं तिथे फुटबॉल खेळायची. मंडळानं वर्गणी काढून लोखंडी पाइपचे दोन गोल उभे केले. महिन्याभरात अतिक्रमण विभागाची नोटीस आली : ‘विनापरवाना लोखंडी बांधकाम’. मी पालिकेत गेलो. तिथले बाबू मोठे सज्जन. म्हणाले, “अहो साहेब, सोपं आहे. परवानगीचा अर्ज करा.” केला. म्हणाले, “उभ्या बांधकामाला परवानगी मिळत नसते. आधी ते अनधिकृत आहे असं लिहून द्या, दंड भरा, मग ते नियमित होईल.” लिहून दिलं, दंड भरला, पावती घेतली. आठव्या दिवशी ट्रक आला आणि दोन्ही गोल घेऊन गेला. कारण आता ते अनधिकृत असल्याचा लेखी पुरावा पालिकेकडे होता. तो पुरावा आमच्याच लेटरहेडवर होता. बार्बाडोसनं निदान स्वतःवर गोल करून सामना तरी जिंकला.

गोल गेले त्याचं एवढं नाही. मैदान गेलं, ते मला आजही झोंबतं. आणि ते कसं गेलं हे सांगायला पुन्हा फुटबॉलकडेच वळावं लागतं.

१९९० चा इटलीतला विश्वचषक ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल. एका सामन्यामागे सरासरी २.२१ गोल, इतका कोरडा विश्वचषक त्याआधी झाला नाही आणि नंतरही नाही. एक गोल झाला, की बचावपटूनं चेंडू मागे गोलकीपरकडे द्यायचा, त्यानं तो हातात घेऊन कुरवाळायचा, पुन्हा बचावपटूकडे टाकायचा, पुन्हा मागे. घड्याळ पळतंय, खेळ जागच्या जागी. दोन वर्षांत नियम आला : सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही. आणि आता २०२५ पासून गोलकीपरनं चेंडू आठ सेकंदांहून जास्त हातात ठेवला, की समोरच्या संघाला कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो.

आठ सेकंद! आमच्या मैदानाची फाइल नगररचना विभागातून लेखा विभागाकडे गेली : निधी आहे का? लेखा विभागानं ती मिळकत विभागाकडे दिली : मोजणी झाली का? मिळकतवाल्यांनी बांधकामकडे, बांधकामनं ‘अभिप्रायासह परत’ म्हणून नगररचनेकडे. प्रत्येक टेबलावर तिला आवक क्रमांक मिळाला, जावक क्रमांक मिळाला, एक टिपणी मिळाली. चेंडूला एकदाही जोरात लाथ कुणी मारली नाही. सगळे पास मागे. आणि यात कुणी एक पैसा खाल्ला असं मी म्हणत नाही. खाल्ला असता तर निदान काहीतरी हललं असतं.

इकडे घड्याळ चालू होतं. आपल्याकडे नगररचनेचा कायदा आहे १९६६ चा, म्हणजे इंग्लंडच्या त्या एकुलत्या कपाच्या वयाचा. त्यातलं कलम १२७ असं सांगतं, की आरक्षित जमीन पालिकेनं दहा वर्षांत घेतली नाही, तर मालकानं नोटीस द्यावी. आणि त्यापुढच्या मुदतीतही पालिकेनं घेण्यासाठी पाऊल उचललं नाही, तर आरक्षण संपलं. कलम न्यायाचंच आहे. कुणाची जमीन जन्मभर नुसती अडकवून ठेवायची, हा कुठला धर्म? मालकाला मी दोष देत नाही. त्यानं दहा वर्षं वाट पाहिली, नोटीस दिली, पुन्हा वाट पाहिली. पण या खेळात वेळ काढणारा संघ पालिकेचा आणि हरणारी पोरं आमची. आणि शिट्टी कुणाच्या तोंडात, तर त्याच संघाच्या.

२०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा आला. त्यात सेवेला मुदत आहे, अपील आहे, उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडसुद्धा आहे. मला वाटलं, आली आपली आठ सेकंदं! गेलो यादी बघायला. जन्माचा दाखला होता, मृत्यूचा होता. मधल्या काळात पोरांनी खेळायला जमीन ताब्यात घेणं ही त्या यादीतली सेवा नव्हती.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस यांची मॅच कुणी पाहिली असेल, तर मी काय म्हणतो ते त्याला चटकन कळेल. तिथे रेफ्रीनं चुकीची शिट्टी मारली, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार गॅलरीतून त्याच क्षणी होतो. मला ते आवडतं असं नाही, पण नियम पाळणारा, पाळायला लावणारा आणि त्याची झळ सोसणारा, तिघंही एकाच उन्हात उभे असतात. पालिकेच्या दुसऱ्या मजल्याला गॅलरी नाही. एक बाक आहे, त्याचा एक पाय मोडका आहे, आणि त्यावर बसलेला माणूस ओरडला तर शिपाई येऊन सांगतो, “साहेब मीटिंगमध्ये आहेत.”

आता त्या जमिनीवर सात मजली इमारत आहे. बांधकाम पूर्ण परवान्याचं. पोरं इमारतीच्या मागच्या गल्लीत खेळतात. गोल म्हणून दोन्हीकडे दोन-दोन चपला ठेवतात. चपला जप्त करायला ट्रक येत नाही. आडवा दांडा नाही, रेफ्री नाही, प्रत्येक गोलनंतर बाजू बदलतात, कारण एका बाजूला गटार आहे. थेट १८६३! परवा बँकेतून येताना बघत उभा राहिलो. चेंडू दोन चपलांच्या मधून, पण पहिल्या मजल्याच्या गॅलरीएवढ्या उंचीवरून गेला, आणि भांडण जुंपलं. एक म्हणे गोल, दुसरा म्हणे वरून गेला. मला विचारलं, “काका, तुम्ही सांगा.” मी मॉर्लीवकिलाला स्मरून गोल दिला. समोरच्या संघातला एक चश्मिस पोरगा पुढे आला आणि म्हणाला, “काका, लेखी द्या.”