तीन वेळा वाकणे

पंडिता रमाबाईंच्या संस्कृताचे कौतुक आपण पुष्कळ केले. त्यांच्या हिब्रूचे फारसे कोणी केले नाही. केडगावला मुक्ति मिशनचा सारा व्याप सांभाळून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून अवघे बायबल मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ग्रंथ छापून निघाला १९२४ साली. जिला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ‘सरस्वती’ म्हटले, त्या बाईने खेड्यातल्या बायकांना समजावे म्हणून जड संस्कृत शब्द दूर ठेवले!

हा हट्ट किती योग्य होता हे पाहायला पंचाण्णवाव्या स्तोत्रातील सहावी ओळ घ्यावी. तिथे देवाच्या भजनासाठी तीन क्रियापदे ओळीने येतात आणि तिन्ही शरीराची आहेत. आपल्या ‘उपासना’ शब्दातही मुळात ‘जवळ बसणे’ आहे. पण ते बसणे आता कोणाला आठवते?

पहिले क्रियापद ‘हिश्तहवा’, म्हणजे जमिनीपर्यंत लवणे. हे केवळ देवासाठी राखलेले नाही. सारेच्या दफनासाठी जागा मागताना अब्राहाम गावच्या लोकांपुढे असाच लवतो. तिथे पूजा नाही, जमिनीचा व्यवहार आहे. आम्हां वऱ्हाडकरांना यात नवल वाटू नये. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र. देवाला दंडवत घालणारी ही मंडळी वाटेत भेटली, तरी एकमेकांना ‘दंडवत प्रणाम’च म्हणतात. आणि पाडव्याला पोरे देवाच्या पाया पडतात, तशीच आजीच्याही.

दुसरे ‘कारा’, गुडघ्यांत वाकणे. दबून बसणाऱ्या सिंहालाही हाच शब्द आहे.

तिसरे ‘बाराख’, यात मौज अधिक. ‘बेरेख’ म्हणजे गुडघा, ‘ब्राखा’ म्हणजे आशीर्वाद आणि ‘ब्रेखा’ म्हणजे तळे! ही सारी एकाच धातूची लेकरे की नुसती सारखी दिसणारी, यावर कोशकारांचे एकमत नाही. मला त्या वादापेक्षा अब्राहामाचा चाकर जवळचा वाटतो. दिवस कलता तो गावाबाहेरच्या विहिरीपाशी उंट बसवतो, ते याच क्रियापदाने. अकोल्याकडे कच्छचे रबारी उंट घेऊन उतरतात, तेव्हा ते बसणे आमच्या पोरांना शेताच्या धुऱ्यावरून दिसते: आधी पुढचे गुडघे, मग मागचे, आणि मग पाठीवरचे बिऱ्हाड खाली.