डोके कोणाचे आणि निर्णय कोणाचा? हेल्मेटसक्तीच्या वादाचा इतिहास

१/ १३ मे १९३५. इंग्लंडमधील डॉर्सेट. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगभर ख्यातकीर्त झालेले टी. ई. लॉरेन्स आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून घराकडे परतत होते. वाटेत सायकलवरील दोन मुले अचानक समोर आली. त्यांना चुकवताना लॉरेन्स रस्त्यावर फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. १९ मे रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

२/ लॉरेन्स यांच्या उपचारासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे न्यूरोसर्जन होते. रुग्ण हाती लागला नाही, परंतु मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती हा पुढे केर्न्स यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

३/ १९४१ मध्ये त्यांचा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे थक्क करणारे होते. महायुद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये १,८८४ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसणारे मृत्युमुखी पडले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत हा आकडा २,२७९ वर गेला. पेट्रोलचे रेशनिंग सुरू असताना ही वाढ झाली होती!

४/ हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त केर्न्स यांना तोवर केवळ सात आढळले होते. ते सातही जण वाचले. नमुना लहान होता, पण लष्कराने तो गांभीर्याने घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोटारसायकलवरून संदेश पोहोचवणाऱ्या लष्करी 'डिस्पॅच रायडर'ना कामावर असताना हेल्मेट सक्तीचे झाले. हेल्मेटचा वापर वाढत गेला तसे मृत्यू घटत गेले, हे केर्न्स यांनी १९४६ मध्ये आकडेवारीनिशी मांडले.

५/ म्हणजे हेल्मेट जीव वाचवते की नाही, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच बरेचसे मिळाले होते. तरीही ब्रिटनमध्ये सर्वसामान्य स्वारांसाठी सक्ती लागू व्हायला १ जून १९७३ उजाडावा लागला. सैनिकाला हुकूम देता येतो. नागरिकाला स्वतःच्याच रक्षणासाठी शिक्षेचा धाक दाखवावा का, हा प्रश्न निराळा होता. संसदेत इनॉक पॉवेल यांनी याच मुद्द्यावर सक्तीला विरोध केला.

६/ दुसरा विरोध शीख समाजाचा होता. पगडी उतरवून हेल्मेट घालणे त्यांच्या धर्माचरणात बसणारे नव्हते. दोन्ही महायुद्धांत शीख सैनिक पगडी बांधूनच लढले होते, याची आठवण ब्रिटिश संसदेला करून देण्यात आली. १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा होऊन पगडीधारी शीखांना सूट मिळाली.

७/ तिसरा विरोध एका वृद्धाचा. फ्रेड हिल हे निवृत्त शिक्षक. महायुद्धात ते स्वतः डिस्पॅच रायडर होते! सक्तीच्या निषेधार्थ ते हेल्मेटविना गाडी चालवत, दंड भरण्यास नकार देत आणि तुरुंगात जात. फेब्रुवारी १९८४ मध्ये लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात शिक्षा भोगत असतानाच, सत्तरी ओलांडलेल्या हिल यांचा मृत्यू झाला. ब्रिटनमधील सक्तीविरोधक आजही त्यांना हुतात्मा मानतात.

८/ अटलांटिकपलीकडे याच काळात उलटा प्रवास घडला. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्याद्वारे राज्यांचा निधी हेल्मेटसक्तीशी जोडला. १९७५ पर्यंत ४७ राज्यांत सक्ती आली. स्वारांच्या संघटनांनी दबाव आणला, १९७६ मध्ये काँग्रेसने निधीची अट काढली आणि राज्यांमागून राज्ये कायदे सैल करू लागली.

९/ "माझे डोके, माझा निर्णय" या युक्तिवादाला १९७२ मध्येच मॅसॅच्युसेट्समधील एका खटल्यात न्यायालयाने उत्तर दिले होते. त्याचा आशय असा: जखमी स्वाराला रस्त्यावरून उचलतो समाज, त्याला रुग्णालयात नेतो समाज आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याचा भारही बऱ्याचदा समाजच वाहतो. मग परिणाम केवळ त्याच्यापुरता कसा?

१०/ पेनसिल्व्हेनियाने २००३ मध्ये २१ वर्षांवरील अनुभवी स्वारांसाठी सक्ती उठवली. पिट्सबर्ग स्टीलर्सचा क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गर याने फेब्रुवारी २००६ मध्ये सुपर बोल जिंकला. मैदानात हेल्मेटशिवाय त्याला एक चेंडूही खेळता आला नसता. रस्त्यावर मात्र तो हेल्मेट घालत नसे. कायद्याने ते बंधनकारक नाही, असे तो उघडपणे सांगे.

११/ १२ जून २००६ रोजी पिट्सबर्गमध्ये त्याच्या मोटारसायकलची मोटारीशी टक्कर झाली. जबडा मोडला, काही तास शस्त्रक्रिया चालली. तो वाचला, त्याच वर्षी मैदानात परतलाही. यापुढे कधी मोटारसायकल चालवली तर हेल्मेट घालूनच, असे त्याने जाहीर केले. हा निर्णयही त्याचाच होता. पण तो अपघातानंतर घेतलेला.

१२/ भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेट सक्तीचे करते आणि पगडीधारी शीखांना सूटही देते. जानेवारी २०१९ मध्ये पुणेकर हेल्मेटसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा पॉवेल आणि हिल यांचाच युक्तिवाद मराठीत ऐकू आला. त्याला दिले गेलेले उत्तरही मॅसॅच्युसेट्सचेच होते.

१३/ या वादात स्वातंत्र्याचा मुद्दा खोटा नाही. हिल यांनी त्याची किंमत तुरुंगात मोजली, शीखांच्या बाबतीत तो कायद्याने मान्य केला. परंतु केर्न्स यांच्यासमोर आलेल्या बहुतेक स्वारांना निवड बदलण्याची दुसरी संधी मिळाली नव्हती. रॉथलिसबर्गरला ती मिळाली. लॉरेन्सना नाही.

(समाप्त)