हंडी, भट्टी आणि कामाचे तास

कॅसरोल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोळ्या गरम ठेवण्याचा डबा येतो. लग्नकार्यात असे डबे आहेर म्हणून किती घरे फिरून येतात याची गणती नाही. शब्द मात्र मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ शिजवण्याचे भांडे. पुढे त्या झाकणाच्या भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास शिजणाऱ्या मांस-भाजीलाही तेच नाव पडले. आपण नाही का हंडीत शिजवलेल्या पदार्थाला हंडीच म्हणत? या हंडीच्या जोडीला युरोपात थंडीच्या दिवसांत दालचिनी-लवंगा घालून तापवलेली वाइन असते. बाहेर बर्फ, आत शेगडी आणि टेबलावर वाफाळणारी हंडी. घरगुती सुखाचे हे चित्र साऱ्या जगात ओळखीचे झाले आहे. परंतु आम्हां युनियनवाल्यांना एक खोड असते. असे चित्र दिसले की आम्ही विचारतो, या शेगडीतला कोळसा कोणाच्या पैशाचा, आणि भांडे राखायला चार तास घरी बसले कोण?

प्रथम पदार्थाकडे पाहू. जनावराचा मऊ भाग विस्तवावर थोड्या वेळात भाजून होतो. तो श्रीमंताच्या ताटात जाई. मान, नळी, खांदा हे कष्ट केलेले भाग निबर असतात, म्हणून स्वस्त. त्यांतले चिवट धागे पाण्यात तीन-चार तास मंद शिजले म्हणजे विरघळतात आणि रस दाट होतो. घाईने खळखळा उकळले तर मांस चामड्यासारखे होते. म्हणजे गरिबाने मांसात वाचवलेला पैसा जळणात आणि वेळात भरायचा. आणि गरिबाच्या घरी नेमक्या याच दोन वस्तूंचा तुटवडा.

यावर युरोपातल्या गरिबाने तोड काढली ती शेजारच्या पाववाल्याच्या भट्टीची. पाव भाजून झाल्यावरही भट्टी कित्येक तास तापलेली राहते. ज्यू लोकांत शनिवारी, म्हणजे शब्बाथला, विस्तव पेटवणे वर्ज्य. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी कडधान्य-मांसाची हंडी भट्टीत ठेवायची आणि शनिवारी दुपारी उघडायची, असा त्यांचा परिपाठ होता. फ्रान्सच्या आल्सास प्रांतात बेकेओफे नावाचा पदार्थ आहे. गाय, मेंढी आणि डुक्कर या तिन्हींचे मांस पांढऱ्या वाइनमध्ये मुरवायचे, बटाटे-कांद्यांचे थर लावायचे आणि झाकणाची कड कणकेने बंद करायची. नावाचा अर्थच ‘पाववाल्याची भट्टी’. सोमवार हा धुण्याचा दिवस, त्या दिवशी बाईला चुलीपाशी थांबायला सवड नसे, म्हणून ती हंडी भट्टीत सोपवून घाटावर जाई, असे तिकडे सांगतात. दक्षिण फ्रान्सातल्या कासुले या पदार्थाची कथा याहून ऐटबाज आहे: म्हणे चौदाव्या शतकातल्या वेढ्यात कास्तेलनोदारीच्या लोकांनी उरलेसुरले सारे एका हंडीत टाकले आणि त्या बळावर इंग्रजांना पिटाळले. आज कासुलेत जो पांढरा घेवडा पडतो तो अमेरिकेतला. तो 1492 नंतरच युरोपात आला. तेव्हा निदान घेवड्यापुरती तरी ही बखर रद्द समजावी. आमचा विश्वास धुण्याच्या बाईवर अधिक आहे.

लंडनच्या गरीब वस्तीतही हीच रीत होती. चार्ल्स डिकन्सचे ‘ए ख्रिसमस कॅरल’ हे पुस्तक 1843 च्या डिसेंबरात निघाले. त्यातला कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंगांचा धनी. नाताळाच्या दिवशी त्याच्या घरचे हंसाचे मांस पाववाल्याकडूनच भाजून येते. रस्तोरस्ती गरीब माणसे आपापली भांडी घेऊन पाववाल्याकडे निघालेली आहेत, असे वर्णन तेथे आहे. यामागे एक ताजे भांडण होते. सर अँड्र्यू अ‍ॅग्न्यू नावाच्या पार्लमेंट सभासदाने रविवारी कामधंदा बंद ठेवण्याची विधेयके 1830 नंतरच्या दशकात पुनःपुन्हा आणली. धर्मरक्षणाचा हेतू मोठा. पण भट्टी बंद झाली तर आठवड्यातले एकुलते गरम जेवण जाणार होते ते बॉबसारख्यांचे, बंगल्यातल्या स्वयंपाकघराचे नव्हे. डिकन्सने 1836 साली टोपणनावाने पत्रक काढून याच विधेयकाचा समाचार घेतला होता.

आता उत्तरेकडे, लँकेशायरला जाऊ. कापडगिरण्यांचा हा मुलूख. इथला ‘हॉटपॉट’ म्हणजे मातीच्या उभ्या भांड्यात मेंढीचे मांस आणि कांदा, वर बटाट्याच्या चकत्यांचे कौलारू छप्पर, आणि मंद भट्टीत काही तास. सकाळी लावावे, संध्याकाळी काढावे. मध्ये ढवळायचे नाही की पाहायचे नाही. गिरणीत बायका मोठ्या संख्येने कामाला होत्या. कापडगिरण्यांतल्या बायकांचा आणि अल्पवयीनांचा दिवस दहा तासांचा झाला तो 1847 च्या कायद्याने, आणि तोही वर्षानुवर्षे सभा, मिरवणुका, अर्ज झाल्यावर. दहा-बारा तास साच्यावर उभे राहून आलेल्या बाईने त्यानंतर चुलीपुढे बसावे कधी? तिच्या घरी असे जेवण सोयीचे, जे तिच्या पाठीमागे आपोआप शिजेल.

याच हॉटपॉटचा एक प्रसंग एलिझाबेथ गॅस्केल या बाईंच्या ‘नॉर्थ अँड साउथ’ कादंबरीत आहे. डिकन्सच्याच साप्ताहिकात ती 1854-55 साली क्रमशः आली. प्रेस्टनच्या गिरण्यांचा मोठा संप नुकताच होऊन गेला होता. गिरणीमालक थॉर्नटन कामगारांसाठी भोजनगृह काढतो आणि एके दिवशी कामगार त्याला हॉटपॉट खायला आपल्या पंगतीला बोलावतात. तो बसतो, आणि इतके चांगले आपण कधी जेवलो नव्हतो असे सांगतो. आमचा अनुभव असा की मालक एकदा पंगतीला बसला म्हणजे पगाराची बोलणी निम्मी सोपी होतात आणि निम्मी अवघड. बाईंना हे कळले होते असे वाटते. जेवणाने भांडण मिटले असे त्यांनी लिहिलेले नाही.

लँकेशायरच्या या हंडीचा आपल्या मुंबईशी संबंध कापसाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने 1861 पासून तिकडचा कापूस तुटला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि हजारो घरांतली हंडी थंड होऊन लोक सूपच्या रांगेत उभे राहिले. त्याच काळात मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच तो ओसरला. पुढे मुंबईच्या गिरण्या वाढल्या, तशी इथेही कारखाना कायदा हवा अशी ओरड लँकेशायरच्या मालकांनीच केली. ती आपल्या कामगारांच्या कळवळ्याने नव्हे, स्पर्धेच्या भीतीने. कळवळा होता तो नारायण मेघाजी लोखंड्यांचा. त्यांच्या खटपटीने 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. घरी एक वेळ निवांत शिजवून खायला आधी रविवार मिळवावा लागतो, ही गोष्ट लंडनला आणि परळला सारखीच खरी होती.

हंडीचा हा धागा विसाव्या शतकात अमेरिकेला पोहोचतो. आयर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाने विजेवर मंद शिजवणाऱ्या भांड्याचे पेटंट 1940 साली मिळवले. लिथुआनियातल्या आपल्या आईच्या गावी शब्बाथची हंडी पाववाल्याच्या भट्टीत रात्रभर ठेवत, त्या आठवणीवरून ही कल्पना सुचल्याचे तो सांगे. ते भांडे ‘क्रॉक-पॉट’ नावाने 1971 साली बाजारात आले आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरले. पाववाल्याची भट्टी विजेच्या तारेने घरात आली. पण भाजी चिरून ती भरायचे काम बहुतेक घरांत बाईकडेच राहिले.

आता वाइनकडे वळू. दारूचा प्रचार करायला आम्ही उभे नाही. पगाराच्या संध्याकाळी तिने रिकामी केलेली घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. पण या पेल्यात मसाला आपल्या बाजूचा आहे, म्हणून त्याचा हिशेब आपण मागितला पाहिजे. अपिकियसच्या नावाने चालत आलेल्या रोमन पाकपुस्तकात मध, मिरी, केशर आणि तमालपत्राच्या जातीचे पान घातलेल्या वाइनची कृती आहे. ती मिरी केरळच्या किनाऱ्यावरून, मुझिरिस बंदरातून जाई. भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स गिळतो, अशी तक्रार प्लिनीने पहिल्या शतकात नोंदवून ठेवली आहे. मध्ययुगात याच पेयाचे नाव ‘हिपोक्रास’ झाले. दालचिनी, सुंठ, साखर घालून ते कापडी पिशवीतून गाळत. वैद्य हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पिशवीवरूनच पेयाला नाव पडले. सुमारे 1393 मध्ये पॅरिसच्या एका वयस्क गृहस्थाने आपल्या तरुण बायकोसाठी गृहकृत्यांचा ग्रंथ लिहिला, त्यातही ही कृती आहे. मात्र हे खाणे-पिणे धनवंतांचे. कष्टकऱ्याने लवंग पाहिली असेल तर दुकानात.

मग ती कष्टकऱ्याच्या पेल्यापर्यंत स्वस्त झाली कशी? जायफळ पूर्वी जगात एकाच ठिकाणी होई, बांदा बेटांवर. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटरस्झोन कून याने 1621 मध्ये ती बेटे जिंकली. मूळच्या रहिवाशांपैकी बहुतेक मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम झाले किंवा पळाले, आणि मळ्यांवर बाहेरून आणलेले गुलाम राबू लागले. लवंगेचा भाव पडू नये म्हणून कंपनीने दुसऱ्या बेटांवरची झाडे तोडवली. पुढे फ्रेंचांनी रोपे चोरून मॉरिशसला नेली, तेथून लवंग झांझिबारला पोहोचली, आणि एकोणिसाव्या शतकात झांझिबारचे लवंगांचे मळे गुलामांच्या श्रमावर पसरले. तेथली गुलामगिरी 1897 पर्यंत कायदेशीर होती.

घरी हे पेय करण्याची रीत अगदी साधी. मसाला अख्खा घ्यायचा; कुटला तर वाइन गढूळ होते. दालचिनी, चार लवंगा आणि साखर थोड्या पाण्यात उकळून अर्क काढायचा, मग त्यात वाइन ओतून फक्त वाफ धरेपर्यंत तापवायची. मद्यार्क 78 अंशांवर उकळतो. उकळी फुटली की तो उडू लागतो आणि चव कडवट होते. इंग्लंडात याचाच एक प्रकार ‘स्मोकिंग बिशप’: संत्र्याला लवंगा टोचून ते भाजायचे आणि गरम पोर्ट वाइनमध्ये मुरवायचे.

डिकन्सच्या गोष्टीत शेवटी हेच येते. कंजूष मालक स्क्रूज सुधारतो, बॉबला पगारवाढ देतो म्हणतो, आणि बाकीचे आज दुपारी स्मोकिंग बिशपच्या वाडग्यावर बोलू असे सांगतो. वाढ किती दिली, ते मात्र पुस्तकात कोठे लिहिलेले नाही.