पक्षांतर्गत उमेदवार निवडणूक आणि तरुण कार्यकर्ते

लोकसभेचा उमेदवार श्रेष्ठींनी न ठरवता पक्षाच्याच मतदारांनी मतपेटीतून निवडावा, हा प्रयोग काँग्रेसने 2014 मध्ये मोजक्या मतदारसंघांत केला. मध्य प्रदेशात इंदूर व मंदसौर, महाराष्ट्रात वर्धा व लातूर ही त्यांतली नावे. मराठी मुलखाला लागून असलेले बालाघाट त्यात नव्हते. तिथे लांजीच्या आमदार हिना कावरे यांना नेहमीच्या पद्धतीने उमेदवारी मिळाली. प्रयोगातल्या मतदारसंघांत मतदार म्हणून पक्षाचे पदाधिकारी व लोकप्रतिनिधी होते, युवक काँग्रेस आणि विद्यार्थी संघटनेचे पदाधिकारीही होते. एरवी सतरंज्या उचलणाऱ्या पोरांकडे प्रथमच मत मागितले गेले, ही बाब लहान नाही.

मात्र मताचा हक्क मिळाला म्हणजे निवडीला वाव मिळालाच, असे नाही. वर्ध्यात लढत झाली ती खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर आणि काँग्रेस नेत्या प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांच्यात. तरुणांनी घोषणा कुणाच्याही दिल्या तरी निवड दोन घराण्यांतच होती. सागर मेघे जिंकले. वडोदऱ्यात तर या पक्षांतर्गत निवडणुकीत निवडून आलेल्या नरेंद्र रावत यांच्या जागी नरेंद्र मोदींविरुद्ध मधुसूदन मिस्त्री उभे राहिले.

अशा निवडणुकीने गटबाजी वाढते व उमेदवार पडतो, असा आक्षेप घेतला जातो. वर्धा, लातूर, इंदूर, मंदसौर या चारही जागांवर पक्ष हरला, हे खरे. पण त्या वर्षी पक्षाचे देशभरात 44 खासदारच निवडून आले आणि प्रयोगाबाहेरच्या बालाघाटमध्येही पक्ष हरला. दोष पद्धतीचा नव्हे, अपुऱ्या मतदारयादीचा आणि अर्धवट इच्छेचा आहे. 2019 मध्ये हा प्रयोग पुन्हा झाला नाही.