फ्रीमेसनांचे लॉज : बंधुभाव आणि त्याचे दार

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, बोनस, किमान वेतन किंवा जिनिंगमधले हंगामी कामगार यांपैकी आम्ही काहीतरी सांगू. आम्ही 'फ्रीमेसन' म्हणालो. चालकांपैकी एका गृहस्थांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिले. कामगार चळवळीत जन्म घालविलेल्या माणसाचे त्या बंद खोलीशी काय देणेघेणे? ती तर साहेबलोकांची, बॅरिस्टरांची आणि संस्थानिकांची खोली! देणेघेणे आहे, आणि ते बरेच जुने आहे. ती खोली मुळात आमच्या लोकांची होती.

'मेसन' म्हणजे गवंडी, पाथरवट. आपल्या गावात भल्या सकाळी थापी आणि ओळंबा पिशवीत घालून जी माणसे चौकातल्या ठिय्यावर उभी असतात, ती मेसन. इंग्लंड-स्कॉटलंडात मध्ययुगात मोठमोठी देवळे उभी राहत, तेव्हा एकेका कामावर कित्येक वर्षे जात. बांधकामाच्या कडेला पाथरवटांसाठी एक पडवी घातलेली असे. तेथे दगड घडवायचे, हत्यारे ठेवायची, भाकरी खायची आणि आपसांतले तंटे मिटवायचे. त्या पडवीचे नाव 'लॉज'. नव्या पोराला काम शिकविणे, परगावाहून आलेल्या कारागिराची पारख करणे, आजारी पडलेल्याला हात देणे, हे सारे तेथेच चाले.

आता पुढचे ऐका. 1348-49 साली इंग्लंडात प्लेगची भयंकर साथ आली, माणसे पटापट मेली आणि जगलेल्या मजुराचा भाव वाढला. भाव वाढला म्हणताच सरकार जागे झाले. 1351 च्या कायद्याने जुनीच मजुरी कायम केली. जास्त मागेल त्याला शिक्षा. पाथरवट काही ऐकेनात. ते वर्षातून एकदा जमत आणि आपसांत ठरवीत. म्हणून 1425 साली पार्लमेंटने खास पाथरवटांसाठी कायदा केला की, त्यांनी असे मेळावे भरवू नयेत, कारण त्यामुळे मजुरीचा कायदा मोडतो. वाचनालयात बसून हे प्रथम वाचले, तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले आणि थोडा वेळ नुसते बसून राहिलो. युनियनच्या सभेला परवानगी नाकारल्याचे कागद आमच्याही कपाटात आहेत!

पुढे मोठी देवळे बांधणे कमी झाले आणि पडव्या ओस पडू लागल्या. सतराव्या शतकात काही लॉजांनी जमीनदार, विद्वान, सरदार अशा प्रतिष्ठितांना मानाचे सभासद करून घेतले. घरात पाहुणा आला की पाट त्याला द्यावा लागतो. येथे पाहुण्याने सारे घरच घेतले. 24 जून 1717 रोजी लंडनमधल्या चार लॉजांनी एका खाणावळीत जमून 'ग्रँड लॉज' स्थापन केले, तेव्हा दगडाला छिन्नी लावणारा त्यांत फारसा कोणी उरलेला नव्हता. हत्यारे मात्र राहिली. गुण्या म्हणजे सचोटी, कंपास म्हणजे संयम, पाणसळ म्हणजे समता, ओळंबा म्हणजे सरळ वर्तन असे अर्थ त्यांना चिकटले. कोकराच्या कातड्याचा एप्रन बांधून सरदार बसू लागले.

आम्ही हे थट्टेने सांगत नाही. त्या बैठकीत एक नियम असा होता की, बाहेर लॉर्ड असो वा घड्याळजी, आत सारे 'बंधू'. धर्मावरून आणि राजकारणावरून वाद घालायचा नाही; जगाचा कर्ता कोणीतरी आहे एवढे मानले की पुरे. अठराव्या शतकाच्या युरोपात ही लहान गोष्ट नव्हती. आणि त्यांच्या दीक्षाविधीत एक प्रसंग आहे, तो आम्हांला फार आवडतो. गुप्त म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि पुस्तकांतून केव्हाच छापलाही गेला आहे. उमेदवाराला आत नेण्यापूर्वी त्याच्याजवळचे पैसे, दागिना, धातूची प्रत्येक वस्तू काढून घेतात. मग भर सभेत त्याला म्हणतात, गरीब बंधूंसाठी यथाशक्ति काही द्या. तो खिसे चाचपतो. खिशात काही नसते. मग त्याला सांगतात की, हा क्षण विसरू नका; कधी कोणी बंधू असाच रित्या हाताने समोर आला तर आठवा. दानधर्मावरची शंभर प्रवचने एका पारड्यात घातली तरी या खिसे चाचपण्याची सर त्यांना येणार नाही. दानाची थैलीही अशी फिरवतात की कोणी किती टाकले ते शेजाऱ्याला कळू नये. या दानातून लंडनमध्ये 1788 साली मुलींची आणि 1798 साली मुलांची अशा पोरक्या लेकरांसाठी संस्था निघाल्या.

पण त्याच सुमारास जे घडले तेही सांगितले पाहिजे. फ्रान्सच्या राज्यक्रांतीने इंग्लंडचे राज्यकर्ते धास्तावले होते. 1799 साली दोन कायदे झाले. एकाने कामगारांनी मजुरीसाठी एकत्र येणे हा गुन्हा ठरला. दुसऱ्याने शपथा घेणाऱ्या गुप्त मंडळ्यांवर बंदी आली. त्यातून फ्रीमेसन लॉजे तेवढी वगळली. सभासदांची यादी दर वर्षी सरकारदरबारी दिली की झाले. पहिला कायदा 1824 साली उठला. संघटना करणे गुन्हा राहिला नाही. तरी 1834 साली डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होऊन त्यांना ऑस्ट्रेलियाकडे पाठविले. त्यांचा अपराध काय? आठवड्याची मजुरी सात शिलिंगांवर आली होती आणि ती सहावर आणण्याचे घाटत होते. म्हणून त्यांनी संघटना काढली, आणि सभासद करताना डोळे बांधून शपथ दिली. डोळे बांधून शपथ! लॉजमध्येही दुसरे काय होत होते? तेथे शपथ घेणारा मॅजिस्ट्रेट असे, येथे नांगरधऱ्या होता. लोकांनी फार मोठा गदारोळ केला, तेव्हा 1836 साली त्यांना माफी मिळाली.

असो. आता आपल्या मुलखात येऊ.

इंग्रजांच्या पाठोपाठ लॉज हिंदुस्थानात आले. कलकत्त्याला 1730 च्या सुमारास, मुंबईला 1758 मध्ये. गोरे अधिकारी आणि व्यापारी तेथे जमत. बंद दारांआड काय चालते ते न कळल्यामुळे उत्तरेकडे लोक त्या इमारतींना 'जादूघर' म्हणू लागले. प्रश्न उभा राहिला तो असा की, जगातील सारे मानव बंधू, तर मग मुंबईचा मानव बंधू की नव्हे?

हा प्रश्न प्रत्यक्ष दार ठोठावून विचारणारा गृहस्थ पारशी होता. त्याचे नाव माणेकजी करसेटजी. हेच पुढे मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी खटपट करून 1863 साली मुंबईत अलेक्झांड्रा शाळा काढणारे. मुंबईच्या लॉजने त्यांना घेतले नाही. ते युरोपच्या प्रवासाला गेले आणि पॅरिसमधील एका लॉजने त्यांना दीक्षा दिली. ते परतले. आता तर ते रीतसर बंधू होते. तरीही मुंबईच्या गोऱ्या बंधूंनी त्यांना आपल्यात बसू दिले नाही. पॅरिसमध्ये भाऊ आणि मुंबईत परका, अशी त्यांची अवस्था झाली.

तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने तोड काढली. हे कंपनी सरकारचे डॉक्टर आणि पश्चिम हिंदुस्थानातील स्कॉटिश फ्रीमेसनांचे प्रमुख. त्यांचा भाऊ अलेक्झांडर 1841 साली काबूलच्या उठावात मारला गेला होता. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी या माणसाने एतद्देशीयांसाठी दार उघडावे, याची नोंद आम्ही आदराने करतो. 15 डिसेंबर 1843 रोजी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज मुंबईत सुरू झाले. बर्न्स त्याचे प्रमुख, माणेकजी चिटणीस. पारशी आणि मुसलमान सभासद आले. पारशी धर्मग्रंथांचे व्यासंगी खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्यासारखी माणसे पुढे या परंपरेत वावरली. तरी एक गोष्ट नजरेआड करू नये. जुन्या लॉजने माणेकजींना आत घेतले नाही ते नाहीच; त्यांच्यासाठी वेगळे लॉज काढावे लागले. गावाबाहेर वेगळी विहीर खणून देण्याची युक्ती आपल्याला अपरिचित नाही.

हिंदूंचा अनुभव याहून कडू. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांनी 1863 साली अर्ज केला आणि 1872 साली त्यांना प्रवेश मिळाला. आक्षेप असा की, हिंदू अनेक देव मानतो, तेव्हा त्याची शपथ कोणत्या देवापुढची धरावी? नऊ वर्षे हा माणूस पत्रे लिहीत राहिला. ज्या 'अँकर अँड होप' लॉजने त्यांना घेतले, त्याच लॉजमध्ये 1884 साली नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण आला. त्याला जग पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले.

आत शिरल्यावर तरी सारे एका पंगतीला बसले काय? रडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला आणि 1886 साली लाहोरच्या लॉजचा सभासद झाला. त्या लॉजवर त्याने 'द मदर लॉज' ही कविता लिहिली. तीत नाना धर्मांचे बंधू एकत्र बसतात, पण मेजवानी ठेवीत नाहीत. कोणा बंधूची जात बाटेल ही धास्ती. बैठक एक, ताट वेगळे.

येथे आम्हांला मुंबईतल्याच दुसऱ्या एका बंद खोलीची आठवण होते. रायझिंग स्टारनंतर पाच-सहा वर्षांनी, 1849 च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर यांच्या पुढाकाराने परमहंस मंडळी निघाली. तीही गुप्त. तेथेही दीक्षा होती. मात्र त्यांच्या दीक्षेत एप्रन नव्हता, कंपास नव्हता; पाव होता. जातिभेद पाळणार नाही अशी प्रतिज्ञा करायची, पाववाल्याच्या हातचा पाव खायचा, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. लॉजला जे हजार वस्तू मांडून साधले नाही ते या मंडळींनी एका तुकड्यात साधले, निदान दार लावून घेतल्यावर तरी! 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांचे दप्तर चोरीस गेले आणि मंडळी फुटली. नावे बाहेर आली तर घरचे, भाऊबंद, जातवाले काय करतील ही भीती. चोरी करणाऱ्याला तलवार लागली नाही, वही पुरली. लॉजच्या दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन पहारेकरी उभा असतो. त्या पोलादापेक्षा त्याच्या सभासदांचा हुद्दा अधिक राखण करीत असे. गरिबाच्या आणि भित्र्याच्या गुप्ततेला राखण नसते.

म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगार एकत्र केले ते उघड्यावर. त्या संघटनेला वर्गणी नव्हती, निधी नव्हता, लिहिलेले नियम नव्हते. पोथीनिष्ठ लोक म्हणतात की ती युनियनच नव्हे. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि जूनमध्ये रविवारची सुटी मिळाली. थैली फिरली नाही. मागितले आणि घेतले.

दान आणि हक्क यांत आम्ही अंतर मानतो, आणि ते अंतर विधवेला विचारावे. लॉज आपल्या बंधूच्या विधवेला मदत करी. तिने कोणाच्या दारात उभे राहायला नको, याची काळजी घेई. पण ती ते मागू शकत नसे. 1923 साली आपल्याकडे नुकसानभरपाईचा कायदा झाला, तेव्हा कामावर मेलेल्या मजुराच्या बायकोला निदान अर्ज करण्याची जागा मिळाली.

बायकांचा विषय निघाला म्हणून सांगतो. ग्रँड लॉजच्या 1723 च्या नियमग्रंथाने स्त्रियांना मनाई केली. फ्रान्समध्ये 1893 साली स्त्री-पुरुष दोघांना घेणारी वेगळी शाखा निघाली आणि अॅनी बेझंट यांनी ती हिंदुस्थानात आणली. आपल्याकडे बापूजी अण्यांच्या पिढीला बेझंटबाई ठाऊक होत्या त्या होमरूलमुळे. आम्हांला त्या 1888 साली लंडनच्या काडेपेटी कारखान्यातील पोरींच्या संपाच्या पाठीशी उभ्या राहिल्या म्हणून जवळच्या वाटतात. जुन्या शाखेचे मात्र बदलले नाही. 24 नोव्हेंबर 1961 रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाले, रामपूरचे नबाब त्याचे पहिले प्रमुख झाले, गीता, कुराण, बायबल शेजारी उघडे ठेवण्याची रीत रूढ झाली, दिल्लीत शाळा आणि कोइमतूरला मुलांचा दवाखाना चालला. बायकांना दार बंदच.

हे सांगताना आमचा आवाज चढणार होता. पण एक गोष्ट आठवते. वीस-बावीस वर्षांपूर्वी या जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये कापूस ओढताना एका बाईच्या हाताची तीन बोटे गेली. आम्ही रुमाल फिरविला, बरे पैसे जमले, आणि चार पुढारी मिळून तिच्या घरी गेलो. तिने चहा केला. पैसे घेतले. मग म्हणाली, "भाऊ, पैसे आनले ते चांगलं केलं. पन तुमच्या रजिस्टरात माह्यं नाव काहून नाही?" आमच्या युनियनचा नियम असा होता की सभासद कायम कामगारच. बाया ठेकेदाराच्या हजेरीवर, त्या हंगामापुरत्या. तो नियम कोणी केला होता? ज्या सभेत तो झाला तिचे इतिवृत्त आमच्याच अक्षरात आहे.

नियम बदलायला दोन हंगाम लागले. विरोध करणारे वाईट नव्हते. वर्गणी भरणारे, संपात मार खाल्लेले, आमचे सख्खे सोबती होते. ठेकेदाराच्या बाया आल्या तर आपला निकाल पातळ होईल, असे त्यांना वाटे. शेवटी नोंदणीच्या दिवशी ती बाई सर्वांच्या आधी येऊन ओट्यावर बसली होती. डाव्या हाताने अंगठा उठविला. उजव्याचा नीट उठत नव्हता. सोबत तिने आणखी अकरा जणी आणल्या होत्या, आणि पावतीपुस्तक दुपारी बाराच्या आधीच संपले.