ग्रिम्सबीचा मिस्त्री

जामसांवलीचा मारुती निजलेला आहे. पिंपळाच्या छायेत आडवी विसावलेली ती मूर्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे सांगावयास नको. ज्याच्या उड्डाणाच्या कथा ऐकत आपण सारे लहानाचे मोठे झालो तो वायुपुत्र आमच्या सौंसर तालुक्यात मात्र स्वस्थ पहुडलेला असावा, याचे मला बालपणापासून कौतुक वाटत आले आहे. मंगळवारी आणि शनिवारी नागपूर-छिंदवाडा रस्त्याने दर्शनास येणाऱ्यांची रीघ लागते. त्यांत तरुण पोरे पुष्कळ. आणि नवी फटफटी घेतली की ती प्रथम मारुतीच्या दारी आणावयाची, हा आपल्या सगळ्याच प्रांताचा परिपाठ आहे. हार घातला जातो, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू चिरडले जाते, आणि मग त्याच वाहनावर तिघे बसून निघून जातात.

प्रस्तुत लेखक व्यवसायाने वकील आहे. मोटार अपघातांच्या नुकसानभरपाईचे दावे हे माझ्यासारख्या तालुक्याच्या वकिलाचे नित्याचे काम. मृताचे वय किती, तो मिळवीत किती होता, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे किती, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून एका आयुष्याची किंमत काढण्याचे गणित मी अनेक वर्षे करीत आलो आहे. पंचनाम्यात वाकलेल्या हँडलला अजून सुकलेला हार अडकलेला होता, अशी नोंदही मी वाचलेली आहे. अशा मनुष्याने एका मोटारसायकलस्वाराचे गुणगान करावयास बसावे, हे वाचकांस विपरीत वाटेल. मलाही ते काही काळ तसे वाटत होते.

ज्याच्याविषयी लिहावयाचे तो गाय मार्टिन हा इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातला. जन्म 4 नोव्हेंबर 1981, ग्रिम्सबी या बंदराच्या गावी. म्हणजे वयाने जवळजवळ माझ्याबरोबरीचाच. वडील अवजड ट्रक दुरुस्त करणारे मिस्त्री होते आणि हौसेने मोटारसायकलच्या शर्यतीही पळत असत. मुलाने दोन्ही गोष्टी उचलल्या. पुढे त्याला कीर्ती मिळाली, दूरचित्रवाणीवर त्याचे नाव झाले, पुस्तके निघाली. पण ट्रकच्या गॅरेजमधली नोकरी त्याने सोडली नाही. शर्यत संपली की दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ पुन्हा ट्रकखाली आडवा. मोटारींविषयीच्या एका अतिशय प्रसिद्ध इंग्रजी कार्यक्रमाचे सूत्रचालन त्याला देऊ करण्यात आले तेव्हा त्याने ते नाकारले, असे त्याने स्वतः सांगितले आहे.

त्याची कर्मभूमी म्हणजे आयल ऑफ मॅन हे ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रातील छोटेसे बेट. येथे शर्यत का सुरू झाली याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे, म्हणून वाचकांनी थोडी सवड द्यावी. 1903 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मोटारींचा वेग ताशी 20 मैलांवर बांधला गेला, आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करण्यास तेथील संसद तयार नव्हती. पण आयल ऑफ मॅनला स्वतःचे विधिमंडळ आहे. ‘टिनवाल्ड’ हे त्याचे नाव, आणि जगातल्या अत्यंत जुन्या विधिमंडळांत त्याची गणना होते. या मंडळाने 1904 साली कायदा करून रस्ते बंद करण्याची मुभा दिली. तेव्हापासून बेटावर प्रथम मोटारींच्या आणि 28 मे 1907 पासून मोटारसायकलींच्या शर्यती होऊ लागल्या. पहिल्या वर्षीचा विजेता चार्ली कॉलियर याचा सरासरी वेग ताशी 38 मैलांच्या आसपास होता. आज आपल्याकडची दूधवाल्याची फटफटीसुद्धा तेवढी धावते. 1911 साली शर्यत डोंगरातल्या मार्गावर गेली. हा मार्ग सुमारे 60 किलोमीटरांचा असून तो गावांतून, दगडी कुंपणांच्या मधून, घरांच्या ओट्यांना लागून जातो. गाय मार्टिनच्या काळी तेथे एका फेरीची सरासरी ताशी 210 किलोमीटरांच्या वर गेली होती. या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांनी प्राण गमावले आहेत. 1972 साली गिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन स्वार येथे मेला तेव्हा त्याचा मित्र आणि अनेक वेळचा जगज्जेता जाकोमो अगोस्तिनी याने या बेटावर पुन्हा शर्यत खेळणार नाही असे ठरविले. आणि 1976 नंतर जागतिक स्पर्धेच्या यादीतून ही शर्यत वगळण्यात आली. तरीही ती चालूच राहिली.

आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 189 असे आहे की राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी वाहनांची शर्यत लावणे हा गुन्हा होय. शर्यत निषिद्ध नाही. संमतीवाचूनची शर्यत निषिद्ध आहे. बेटावर आणि आमच्या रस्त्यावर जो फरक आहे तो शौर्याचा नसून या एका अटीचा आहे. तेथे रस्ता बंद असतो आणि समोरून बैलगाडी येत नाही. जो स्वार धोका पत्करतो तो प्रामुख्याने स्वतःचा. माझ्यापुढे येणाऱ्या दाव्यांत पुष्कळदा मेलेला मनुष्य पायी चालणारा असतो.

गाय मार्टिन या बेटावर 2004 साली प्रथम उतरला. पुढच्या वर्षांत तो 17 वेळा पहिल्या तिघांत आला. पहिला एकदाही आला नाही. 2010 साली एका शर्यतीत पेट्रोल भरण्याच्या थांब्यापाशी ठरलेल्या वेगमर्यादेचा अगदी किंचित भंग झाला म्हणून त्याच्यावर 30 सेकंदांचा दंड बसला. त्याच आठवड्यातल्या शेवटच्या शर्यतीत बॅलागॅरी नावाच्या वळणावर ताशी सुमारे 270 किलोमीटर वेगात त्याची गाडी निसटली, कुंपणावर आदळून पेटली आणि पाठीचे मणके मोडून तो रुग्णालयात गेला. या वर्षावर निघालेला चित्रपट 2011 साली पडद्यावर आला आणि जो कधी जिंकला नव्हता तोच लोकांच्या मनात राहिला. विस्कटलेले केस, दाट कल्ले, गावाकडची रांगडी बोली, चहाचे व्यसन. लोकांनी प्रेम केले ते या माणसावर. विजेते दर वर्षी नवे असतात.

यानंतर इंग्लंडच्या चौथ्या वाहिनीने त्याला घेऊन वेगाच्या कसोट्यांची मालिका काढली. या मालिकेतच मला त्याचा खरा परिचय झाला. 2013 साली वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर त्याने साध्या पायंडलच्या सायकलवर ताशी 112.94 मैल, म्हणजे जवळजवळ 182 किलोमीटर वेग गाठला. हे कसे शक्य झाले? सायकलस्वाराची बहुतेक शक्ती वारा कापण्यातच खर्च होते, आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. पुढे एक शर्यतीचा ट्रक धावत होता, मागे त्याला मोठे छत्र लावलेले होते, आणि त्या छत्राच्या आडोशात वाऱ्याची जी पोकळी निर्माण होते तिच्यात हा सायकल मारीत होता. ट्रकपासून जरा मागे पडला असता तर वारा भिंतीसारखा अंगावर आला असता. जरा पुढे गेला असता तर ट्रकवरच आदळला असता. ट्रक हाकणाऱ्याच्या पायावर याचा जीव अवलंबून होता. ट्रकमिस्त्र्याने ट्रकवाल्यावर टाकलेला हा विश्वास मला फार बोलका वाटतो.

यापुढे घसरगाडीवरून अँडोराच्या बर्फात ताशी 83.49 मैल झाले, आणि 2019 साली एका ट्रॅक्टरवर ताशी 135 मैलांची सरासरी झाली. ट्रॅक्टरचे ऐकून माझ्या सौंसरच्या संत्रेवाल्या अशिलांना हसू आवरेना. पण प्रत्येक कार्यक्रमाचा तीन-चतुर्थांश भाग हा विक्रमाचा नसतोच. तो असतो कारखान्याचा: लोखंड कापणे, साखळीचे दात मोजणे, बिघडले ते पुन्हा उघडणे. ज्याला काही कळत नाही तेथे तो कारागिरास सरळ विचारतो आणि शिष्यासारखा ऐकतो. आणि शेवटी आकडा मोजला जातो. वकिलाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. तोंडी फुशारकीस येथे थारा नाही; यंत्र जे सांगेल तोच निकाल, आणि तो दशांशापर्यंत.

त्याच्या साऱ्या कसोट्यांत एक अशी आहे की जी पाहताना मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. 28 मार्च 2016 रोजी मॅनबी येथे खास उभारलेल्या गोल उभ्या भिंतीवर त्याने ताशी 78.15 मैल वेगाने मोटारसायकल फिरविली, आणि तीही थेट प्रक्षेपणात. ही विद्या त्याने केन फॉक्स या जत्रेतल्या जुन्या खेळियाकडून पायरीपायरीने शिकून घेतली. उभी भिंत, लाकडी फळ्या, वरून वाकून पाहणारे प्रेक्षक! वाचकहो, हा तर आपला ‘मौत का कुआँ’!

या खेळाचा इतिहास सांगण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत लाकडी फळ्यांच्या वाटोळ्या, तिरप्या रिंगणांवर मोटारसायकलींच्या शर्यती लागत. 8 सप्टेंबर 1912 रोजी न्यूअर्क येथे एडी हाशा या स्वाराची गाडी कठड्यावर चढली. तो मेला, दुसरा एक स्वार मेला, आणि वाकून पाहणारे प्रेक्षकही मेले. अशा अपघातांनी त्या रिंगणांची नाचक्की झाली. पण तेच रिंगण लहान करून, भिंत सरळ उभी करून जत्रांतून नेण्यात आले, आणि ‘मृत्यूची भिंत’ हे नाव त्याला मिळाले. 1929 पासून ते ब्रिटनमध्ये रूढ झाले. तिकडे आता असे खेळ करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. आपल्याकडे मात्र ते जत्रांतून फोफावले आणि मोटारसायकलींच्या जोडीला मारुती मोटारीही भिंतीवर चढल्या. त्या वाहनाचे नाव मारुती असावे हा योगायोगच, पण भिंतीवर तिला पाहताना तसे वाटत नाही.

यामागचे शास्त्र अवघड नाही. वेगाने फिरणाऱ्या चाकाला भिंत आत ढकलते. त्या दाबामुळे चाक आणि फळी यांत घर्षण उत्पन्न होते, आणि ते घर्षण गाडीचे वजन तोलून धरते. वेग कमी पडला की दाब कमी, दाब कमी की घर्षण कमी, आणि गाडी खाली. हे सर्वांस ठाऊक असते. वेग फार वाढला तर काय होते हे मात्र मार्टिनच्या प्रयोगापर्यंत मला ठाऊक नव्हते: स्वाराचे डोके विहिरीच्या मध्याकडे आणि पाय भिंतीकडे असल्यामुळे रक्त पायांकडे ओढले जाते, डोळ्यांपुढे अंधार येतो, आणि शुद्ध हरपण्याचा धोका असतो. तेव्हा त्या दिवशी त्याची झुंज गुरुत्वाकर्षणाइतकीच स्वतःच्या रक्ताशीही होती.

हा मनुष्य आपल्या देशातही येऊन गेला. 2015 साली दाखविल्या गेलेल्या कार्यक्रमात तो रॉयल एनफील्डवरून भारतभर हिंडला आणि शेवटी गोव्यातल्या ‘रायडर मेनिया’ या मेळाव्यात धुळीच्या वाटेवरच्या शर्यतीत उतरला. गोव्याच्या वाचकांपैकी कोणी तेथे गेले असतील तर त्यांनी त्याला पाहिलेही असेल. यातली गंमत अशी की एनफील्ड हे मूळचे इंग्लंडच्या रेडिचचे वाहन. 1955 साली मद्रासेत त्याची जुळणी सुरू झाली, पुढे मायदेशी तो कारखाना बंद पडला, आणि बुलेट मात्र येथे अखंड निघत राहिली. इंग्रज मिस्त्र्याला आपल्या आजोबांच्या काळचे यंत्र जिवंत पाहण्यासाठी आपल्याकडे यावे लागले.

2015 च्या ऑगस्टमध्ये अल्स्टर येथील शर्यतीत त्याचे मणके पुन्हा मोडले. 2017 साली तो एका मोठ्या जपानी कंपनीच्या संघातून बेटावर परतला, पहिल्याच शर्यतीत गाडीने दगा दिला, तो पडला, आणि शेवटच्या शर्यतीतून त्याने माघार घेतली. त्या वर्षीच त्याने त्या बेटाच्या शर्यतींचा निरोप घेतला. कोणतीही प्रतिज्ञा न करता तो गॅरेजात परतला. पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. तेथे दर वर्षी डोकी फुटतात आणि तरीही ‘आता पुरे’ म्हणणारा भेटत नाही. हे मी निंदेने लिहीत नाही. पण थांबता येणे ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते मला माझ्या तालुक्याने शिकविले आहे.

मार्टिनचा आकडा नोंदला गेला, दशांशासह, तारखेसह. त्यामुळेच मला एक जुनी गोष्ट राहून राहून आठवते. मी आठ-दहा वर्षांचा असताना वडिलांनी मला एका जत्रेत मौत का कुआँ दाखविला होता. फळ्या खडखडत होत्या, धुराने डोळे चुरचुरत होते, आणि एक सडपातळ स्वार हात सोडून वर येत होता व प्रेक्षकांनी पुढे धरलेल्या नोटा अलगद उचलून नेत होता. शिरस्त्राण नाही, विमा नाही, रुग्णवाहिका नाही. रात्रीतून असे किती खेळ करीत असेल कोण जाणे. खेळ संपल्यावर आम्ही मागच्या बाजूने निघालो, तो तोच स्वार तेलाच्या डब्यावर बसून बत्तीच्या उजेडात गाडीची साखळी काढीत होता. वडिलांनी त्याला गाव विचारले, नाव विचारले. त्याने दोन्ही सांगितले, आणि पुढच्या खेळाची घंटा झाली तसा पाना खिशात घालून तो उठला. गाव बऱ्हाडातले होते एवढे मला स्मरते. नाव आता स्मरत नाही.